'रेडीमेड' रेल्वे इंजिन : व्हिक्टोरियन काळातल्या छोट्या रेल्वेंना इंजिनं कोण पुरवायचं?

ऑगस्ट १८६३. लंडनची मेट्रोपॉलिटन रेल्वे, म्हणजे जगातली पहिली भुयारी रेल्वे, सुरू होऊन जेमतेम सात महिने झाले होते. गाड्या भरभरून धावत होत्या. पण गंमत म्हणजे या गाड्या ओढणारी इंजिनं मेट्रोपॉलिटनची नव्हतीच. इंजिनं आणि डबे 'ग्रेट वेस्टर्न रेल्वे' या बड्या कंपनीचे होते. दोन्ही कंपन्यांचं बिनसलं आणि ग्रेट वेस्टर्ननं आपली इंजिनं काढून घेतली. मेट्रोपॉलिटननं दुसऱ्या एका कंपनीकडून उसनी इंजिनं आणून वेळ मारून नेली.

पण उसनवारीवर किती दिवस काढणार? मेट्रोपॉलिटननं मँचेस्टरच्या 'बेयर-पीकॉक' या कारखान्याकडे धाव घेतली आणि पुढच्याच वर्षी १८ नवी कोरी इंजिनं लंडनच्या भुयारात धावू लागली. एवढ्या झटपट हे कसं जमलं? कारण कारखान्याला कोऱ्या कागदापासून सुरुवात करावी लागली नाही. १८६२ मध्ये स्पेनमधल्या तुदेला-बिल्बाओ रेल्वेसाठी त्यांनी जवळपास तसंच इंजिन बनवलं होतं. त्या आराखड्यात भुयारासाठी लागणारे बदल केले, वाफ बाहेर न सोडता टाकीतल्या पाण्यात थंड करायची सोय बसवली आणि इंजिन तयार!

शिंप्याकडे माप देऊन शर्ट शिवणं आणि दुकानातून रेडीमेड शर्ट घेऊन बाह्या थोड्या आखूड करून घेणं, यात जो फरक आहे तोच इथे होता. १९व्या शतकात ब्रिटनमधल्या अनेक छोट्या रेल्वे अशा 'रेडीमेड' इंजिनांवरच उभ्या राहिल्या. ही इंजिनं कोण बनवायचं, ती कशी विकली जायची आणि एका बेटावरच्या चिमुकल्या रेल्वेला हा सौदा शतकभराहून जास्त कसा पुरला, हे आता पाहू.

दोन प्रकारचे कारखाने

व्हिक्टोरिया राणीच्या काळात (१८३७ ते १९०१) ब्रिटनमधल्या रेल्वे सरकारी नव्हत्या. लहानमोठ्या असंख्य खासगी कंपन्या होत्या. मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे अवाढव्य कारखाने होते. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्नचा क्रू इथे, ग्रेट वेस्टर्नचा स्विंडनला, ग्रेट नॉर्दर्नचा डॉन्कास्टरला. तिथला मुख्य अभियंता आपल्या रेल्वेला हवं तसं इंजिन स्वतः आखायचा आणि तिथेच बनवून घ्यायचा.

दुसरे होते स्वतंत्र कारखानदार. त्यांची स्वतःची रेल्वे नव्हती. इंजिन बनवायचं आणि जो पैसे देईल त्याला विकायचं, हाच त्यांचा धंदा. त्यातली काही ठळक नावं :

- बेयर-पीकॉक : मँचेस्टरजवळचं गॉर्टन, स्थापना १८५४
- मॅनिंग वॉर्डल : लीड्स, १८५८
- हडस्वेल क्लार्क : लीड्स, १८६०
- हन्स्लेट इंजिन कंपनी : लीड्स, १८६४
- डब्ज : ग्लासगो, १८६४
- शार्प स्ट्युअर्ट : आधी मँचेस्टर, १८८८ पासून ग्लासगो

लीड्समधले तिन्ही कारखाने हन्स्लेट या एकाच भागात, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होते. एका कारखान्यातला कारागीर दुसरीकडे जायचा, त्याच्याबरोबर कामाची पद्धतही जायची. म्हणूनच या तिघांची इंजिनं सख्खी भावंडं वाटतात.

या दोन गटांत एकदा चांगलीच जुंपली. क्रूचा कारखाना १८७०च्या दशकात शेजारच्या लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेसाठीही इंजिनं बनवू लागला. स्वतंत्र कारखानदार हादरले. त्यांनी १८७५ मध्ये संघटना बांधली आणि थेट कोर्टात गेले. १८७६ मध्ये मनाई हुकूम मिळाला : रेल्वे कंपनीनं स्वतःपुरती इंजिनं खुशाल बनवावीत, पण दुसऱ्याला विकायची नाहीत. छोट्या रेल्वेसाठी याचा अर्थ सरळ होता. नवं इंजिन हवं असेल तर स्वतंत्र कारखानदाराकडेच जायचं.

छोटी रेल्वे स्वतःचं इंजिन का आखत नसे?

समजा, तुमची दहा-पंधरा किलोमीटरची रेल्वे आहे. तुम्हाला दोन, फार तर तीन इंजिनं लागणार. तेवढ्यासाठी नामवंत अभियंता पगारावर ठेवणं परवडत नाही. शिवाय इंजिनाचा प्रत्येक ओतीव भाग बनवायला आधी लाकडाचा साचा लागतो. सिलिंडरचा वेगळा, चाकाचा वेगळा, धुराड्याच्या बुडाचा वेगळा. हे साचे कसबी सुतार बनवत. दोन इंजिनांसाठी सगळे साचे नव्यानं करायचे म्हटलं, तर त्यांचा खर्च त्या दोन इंजिनांवरच पडणार. तेच साचे ५० इंजिनांना वापरले, तर प्रत्येकाच्या वाट्याला किरकोळ रक्कम येते.

पण खरी अडचण इंजिन विकत घेतल्यानंतर सुरू व्हायची. सिलिंडरला तडा गेला, आस मोडला, तर काय करायचं? छोट्या रेल्वेकडे भट्टी आणि ओतकामाची सोय नसे. असायची एक शेड, थोडी अवजारं आणि एक हुशार फिटर. तो बिघाड ओळखू शकायचा, भाग बसवू शकायचा, पण नवा भाग घडवू शकत नव्हता. त्यामुळे इंजिन घेताना खरा प्रश्न असायचा, 'याचे सुटे भाग उद्या मिळतील का?' आज गावाकडे गाडी घेताना आपण हाच विचार करतो. जिचा पार्ट तालुक्याच्या दुकानात मिळतो, ती गाडी बरी.

सुरुवात कुठून झाली?

ठरावीक आराखड्याचं इंजिन मोठ्या संख्येनं विकण्याचं पहिलं ठळक उदाहरण १८४७ चं आहे. लीड्सच्या ई. बी. विल्सन कंपनीतल्या डेव्हिड जॉय या तरुण आरेखकानं एक प्रवासी इंजिन आखलं. तेव्हा स्वीडिश गायिका जेनी लिंड हिनं लंडनला वेड लावलं होतं, म्हणून इंजिनाचं नावही 'जेनी लिंड'! पहिली इंजिनं लंडन-ब्रायटन मार्गावर गेली. ती इतकी सुरळीत धावली की इतर कंपन्यांनीही तशीच मागितली. अशी ७० हून अधिक इंजिनं विकली गेली.

१८५८ मध्ये विल्सनचा कारखाना बंद पडला, पण आराखडे वाया गेले नाहीत. त्याच वर्षी सुरू झालेल्या मॅनिंग वॉर्डलनं त्यातले बरेच विकत घेतले आणि छोट्या इंजिनांवर लक्ष एकवटलं. त्यांनी आपल्या इंजिनांना चक्क कपड्यांच्या मापांसारखी अक्षरं दिली : एफ, एच, के, एल, एम वगैरे. 'के' वर्गाचं इंजिन मागितलं की काय मिळणार हे ठरलेलं असायचं. सहा चाकं, चाकांचा व्यास ३ फूट, सिलिंडरचा व्यास १२ इंच आणि बॉयलरवर घोड्याच्या खोगिरासारखी बसवलेली पाण्याची टाकी. कोळसा-पाण्याचा वेगळा डबा मागे ओढायची गरज नाही. लांबी कमी, म्हणून तीव्र वळणंही सहज पार.

या इंजिनांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक होतं रेल्वेमार्ग बांधणारे कंत्राटदार. माती, दगड, विटा वाहायला त्यांना काटक इंजिन लागायचं. एक काम संपलं की इंजिन पुढच्या कामावर जायचं किंवा विकलं जायचं. हन्स्लेट कंपनीचं १८६५ सालचं पहिलंवहिलं इंजिन 'लिंडन' हेही ब्रॅसी अँड बॅलार्ड या कंत्राटदारांनीच घेतलं होतं. अनेकदा कंत्राटदाराचं इंजिन रेल्वेमार्ग बांधून झाल्यावर त्याच मार्गावर गाड्या ओढायलाही राहायचं. मॅनिंग वॉर्डलचं १८७७ सालचं 'के' वर्गाचं इंजिन 'शार्पथॉर्न' इंग्लंडच्या दक्षिणेतल्या लुइस-ईस्ट ग्रिन्स्टेड मार्गाच्या बांधकामावर होतं. त्याच मार्गाचा एक भाग आज 'ब्लूबेल रेल्वे' म्हणून जतन केला आहे आणि 'शार्पथॉर्न'ही तिथेच आहे. ज्या मार्गासाठी माती वाहिली, तिथेच त्याला मुक्काम मिळाला.

'स्टँडर्ड' म्हणजे नेमकं काय ठरलेलं असायचं?

सगळी इंजिनं हुबेहूब एकसारखी असायची, असं मात्र नाही. सिलिंडर, चाकं, बॉयलर, आस आणि दट्ट्याचे दांडे या खर्चिक आणि झिजणाऱ्या भागांची मापं ठरलेली असत. बाकी गोष्टींत गिऱ्हाईकाची मर्जी चालायची :

- चालकाच्या डोक्यावर छप्पर हवं की नुसता पुढचा आडोसा पुरेल
- पाण्याची टाकी नेहमीची की मोठी
- डबे जोडायचा आकडा आणि धक्का झेलणारे बफर कुठल्या पद्धतीचे
- रंग कोणता आणि पितळी पाटीवर नाव काय

प्रत्येक इंजिनावर कारखान्याची एक पाटी असायची आणि तिच्यावर अनुक्रमांक. हीच त्या इंजिनाची जन्मपत्रिका. बिघाड झाला की क्रमांक आणि मोडलेल्या भागाचं नाव कळवायचं. कारखान्यात त्या क्रमांकाची नोंद आणि आराखडा काढला की कोणता भाग पाठवायचा ते कळायचं. साचा कोठारात असायचाच.

गिऱ्हाईक कुठलंही असो, कारखान्यात सुधारलेली गोष्ट सगळ्यांनाच मिळायची, हाही एक फायदा. फ्रेंच संशोधक गिफार्ड यांनी शोधलेल्या 'इंजेक्टर'चं उदाहरण घ्या. त्याआधी बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा पंप बहुतेक वेळा इंजिनाच्या चालण्यावरच चालायचा. म्हणजे इंजिन बराच वेळ उभं असेल, तर केवळ पाणी भरण्यासाठी त्याला पुढे-मागे करावं लागे! इंजेक्टर वाफेच्या जोरावरच पाणी आत ढकलतो, उभ्या इंजिनातही. १८६० मध्ये ब्रिटनमधले त्याचे हक्क शार्प स्ट्युअर्टनं घेतले. तासन् तास शंटिंगमध्ये अडकलेल्या छोट्या इंजिनांसाठी ही सोय वरदानच ठरली.

५३ वर्षं, एकच आराखडा : आइल ऑफ मॅन

या व्यवस्थेचा सर्वांत सुंदर नमुना बघायचा तर इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात असलेल्या आइल ऑफ मॅन या बेटावर जावं लागेल.

१ जुलै १८७३ ला बेटावर डग्लस ते पील हा रेल्वेमार्ग सुरू झाला. रुळांमधलं अंतर फक्त ३ फूट. त्यासाठी बेयर-पीकॉककडून तीन इंजिनं आली : 'सदरलँड', 'डर्बी' आणि 'पेंडर'. चाकांची रचना २-४-०, म्हणजे पुढे वळणाला दिशा देणारी २ लहान चाकं, मग इंजिन ओढणारी ४ मोठी चाकं आणि मागे एकही नाही. सिलिंडरचा व्यास ११ इंच, मोठ्या चाकांचा ३ फूट ९ इंच. हा आराखडाही बेटासाठी नव्यानं केलेला नव्हता. बेयर-पीकॉकनं १८६०च्या दशकात नॉर्वेच्या अरुंद रुळांसाठी जे इंजिन बनवलं होतं, त्याचाच हा वंश.

पुढच्या वर्षी पोर्ट एरिनचा मार्ग सुरू झाला, आणखी इंजिनं लागली. कंपनीनं दुसऱ्या कुणाकडे भाव विचारत न बसता तोच आराखडा पुन्हा मागवला. मग १८७५, १८८०, १८९४, १८९६, १९०५, १९०८, १९१० आणि शेवटी १९२६! व्हिक्टोरिया राणी गेली, पहिलं महायुद्ध होऊन गेलं, पण बेटावर येणारं नवं इंजिन जुन्याचाच धाकटा भाऊ असायचं. फरक हळूहळू झाले. बॉयलर जरा जाड झाला, पाण्याची टाकी वाढली आणि १९२६ च्या 'मॅनिन'मध्ये सिलिंडर १२ इंची झाला. मोठ्या चाकांचा व्यास मात्र तोच राहिला.

याचा फायदा काय? एका इंजिनाचा भाग दुसऱ्याला बसायचा. बॉयलर हा वाफेच्या इंजिनाचा सर्वांत महाग आणि सर्वांत लवकर थकणारा अवयव. एकाचा बॉयलर दुरुस्तीला काढला, तर दुसऱ्याचा बसवून गाडी चालू ठेवता यायची. याचा पुरावा अगदी अलीकडचा आहे. १९९८ मध्ये रेल्वेच्या १२५व्या वर्षानिमित्त पहिलं इंजिन 'सदरलँड' पुन्हा धावतं करायचं ठरलं, तेव्हा त्याला 'फेनेला' या १८९४ सालच्या इंजिनाचा बॉयलर बसवला गेला. दोन इंजिनांच्या जन्मात २१ वर्षांचं अंतर, तरी जुळवणी झाली.

उलट उदाहरणही याच बेटावर आहे. बेटाच्या उत्तरेला 'मॅन्क्स नॉर्दर्न' ही दुसरी कंपनी होती. तिची पहिली दोन इंजिनं शार्प स्ट्युअर्टची, तिसरं 'थॉर्नहिल' मात्र बेयर-पीकॉकचं, शेजाऱ्यांसारखंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही कंपनी आइल ऑफ मॅन रेल्वेत विलीन झाली. 'थॉर्नहिल'ला १४ क्रमांक मिळाला आणि ते १९६०च्या दशकापर्यंत राबलं. शार्प स्ट्युअर्टच्या जोडीला नव्या ताफ्यात क्रमांकही मिळाला नाही. ती इंजिनं वाईट होती असं नाही, पण ताफ्यात त्यांचं कुणी भावंडं नव्हतं.

अपवाद एक : डब्ज कंपनीचं १८८५ सालचं 'कॅलेडोनिया'. सहाही चाकं ओढणारी, त्यामुळे ताकद जास्त. चढावर आणि हिवाळ्यात बर्फ हटवायला ते उपयोगी पडायचं, म्हणून वेगळं असूनही टिकलं. म्हणजे ताफ्यापेक्षा वेगळं इंजिन ठेवायचं, तर त्याला एखादं काम असं हवं की जे बाकीच्यांना जमत नाही.

रेडीमेड नाकारलं तर?

लंडनपासून फार दूर नसलेल्या बकिंगहॅमशायरमध्ये एका ड्यूकनं आपल्या जमिनीवरून 'वॉटन ट्रामवे' नावाची छोटी रेल्वे काढली. १८७२ मध्ये त्यासाठी अ‍ॅव्हलिंग अँड पोर्टर या कंपनीची दोन इंजिनं आली. ही कंपनी मूळची रस्त्यावर चालणाऱ्या वाफेच्या गाड्यांची. इंजिनं स्वस्त आणि हलकी होती, पण जवळपास माणसाच्या चालीनं चालायची! पुढे या मार्गावर मॅनिंग वॉर्डलची 'के' वर्गाची इंजिनं आली आणि गाडीला गाडीसारखा वेग आला.

मेट्रोपॉलिटननंही आधी वेगळा प्रयोग करून पाहिला होता. भुयारात धूर नको म्हणून अभियंता जॉन फाउलर यांनी १८६१ मध्ये तापलेल्या विटांवर चालणारं इंजिन आखलं. ते चाचणीतच फसलं आणि 'फाउलरचं भूत' या नावानं इतिहासात उरलं.

तिसरं उदाहरण केंट अँड ईस्ट ससेक्स या रेल्वेचं. कर्नल स्टीफन्स यांच्या या रेल्वेची सुरुवात १९०० मध्ये हॉथॉर्न लेस्लीच्या दोन छोट्या इंजिनांवर झाली. पुढे मार्ग मेडस्टोनपर्यंत वाढणार या आशेवर १९०४ मध्ये आठ चाकी दणकट 'हेकेट' मागवलं. तो मार्ग कधी झालाच नाही. 'हेकेट' हलक्या रुळांना जड, बहुतेक काळ ते शेडमध्येच उभं राहिलं. १९३२ मध्ये सदर्न रेल्वेला देऊन त्याची सुटका केली.

अर्थात रेडीमेडलाही मर्यादा होत्या. कारखान्याच्या यादीत असेल तेवढीच ताकद मिळायची. आणि पैसाच नसेल तर तिसरा मार्ग होताच : मोठ्या रेल्वेनं काढून टाकलेलं जुनं इंजिन. याच केंट अँड ईस्ट ससेक्सनं १९०१ मध्ये लंडन-ब्रायटन कंपनीचं १८७२ सालचं छोटं 'टेरियर' इंजिन विकत घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं 'बोडियम'. तेही उत्तम चाललं. कारण तशी ५० इंजिनं बनलेली होती. म्हणजे इथेही सूत्र तेच!

बार्शीचा वेगळा रस्ता

या कहाणीचा एक धागा आपल्या सोलापूर जिल्ह्यात येतो. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्यानं बार्शी लाइट रेल्वे आखली. १८९७ मध्ये आजच्या कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांवरून गाडी धावू लागली. कॅल्थ्रॉपनं यादीतलं इंजिन घेतलं नाही. त्याचा नियम होता की कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, म्हणजे हलके, स्वस्त रूळ पुरतील. त्यासाठी लीड्सच्या किटसन कंपनीनं खास बारा चाकी इंजिनं बनवली.

इथे माप देऊन शिवलेला शर्ट अंगाला बसला, कारण कॅल्थ्रॉपनं फक्त इंजिन नव्हे, तर रूळ, डबे आणि वाघिणी सगळंच एका हिशोबात बसवलं होतं. बार्शीचा अनुभव पुढे इंग्लंडलाही गेला. १९०४ मध्ये तिथे सुरू झालेली लीक अँड मॅनिफोल्ड ही रेल्वेही कॅल्थ्रॉपच्या पद्धतीची होती, अडीच फुटी रुळांची आणि किटसनच्याच इंजिनांची.

भारतातल्या मोठ्या रेल्वेंची मात्र उलटी तऱ्हा होती. प्रत्येक कंपनी आपापलं वेगळं इंजिन ब्रिटनमधून मागवायची. अखेर १९०३ पासून ब्रिटनमधल्या मानक समितीनं भारतासाठी ठरावीक आराखडे जाहीर करायला सुरुवात केली. छोट्या रेल्वेंनी गरिबीतून शिकलेला धडा मोठ्यांनी समिती नेमून गिरवला.

ही इंजिनं आज कुठे आहेत?

मॅनिंग वॉर्डल १९२७ मध्ये बंद झाली, बेयर-पीकॉक १९६६ मध्ये. पण त्यांची इंजिनं अजून भेटतात. मेट्रोपॉलिटनचं १८६६ सालचं २३ क्रमांकाचं इंजिन लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियममध्ये आहे. भुयारात विजेच्या गाड्या आल्यावर त्यानं शेवटची वर्षं पूर्वीच्या वॉटन ट्रामवेवर, म्हणजे ब्रिलच्या मार्गावर काढली आणि १९३५ मध्ये तो मार्ग बंद होईपर्यंत ते राबलं. 'पेंडर' मँचेस्टरच्या विज्ञान संग्रहालयात उभं चिरून ठेवलंय, म्हणजे बॉयलरच्या आतल्या नळ्यासुद्धा बघता येतात.

आणि आइल ऑफ मॅनवर संग्रहालयात जायचीही गरज नाही. डग्लसला तिकीट काढायचं, पोर्ट एरिनच्या गाडीत बसायचं. गाडीपुढे बेयर-पीकॉकचंच एखादं इंजिन जोडलेलं दिसेल. त्याची पितळी पाटी नीट वाचा. कारखाना बंद होऊन सहा दशकं उलटली, तरी तिच्यावरचा क्रमांक अजून कामाचा आहे.